न आलेला पेशंट

१

दवाखान्याच्या दारातून एक माणूस स्ट्रेचरवर आत गेला आणि तिथेच नाहीसा झाला. बरा होऊन बाहेर पडला म्हणावं, तर तशी नोंद नाही. गेला म्हणावं, तर तशीही नाही. कागदोपत्री तो कधी आलाच नव्हता.

हे उघडकीला आणलं फोनताईंनी. त्यांच्या पदाचं नाव 'पाठपुरावा अधिकारी' असं भारदस्त होतं, पण तेवढा लांब शब्द उच्चारायला लोकांना वेळ कुठला? आसपासच्या लहान रुग्णालयांत डोक्याला मार लागून आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवायची आणि तो घरी गेल्यावर मधूनमधून फोन करायचा, हे त्यांचं काम. स्वतःच्या हाताने जेवतो का? वाट चुकतो का? उगाच चिडतो का? टाके भरून आले म्हणजे माणूस बरा झाला, असं दवाखाना समजतो. खरं काय ते घरच्यांनाच माहीत असतं.

फोनताईंना ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नवरा स्कूटरवरून पडला होता. आता तो चालायचा, पेपर वाचायचा, चहात साखर कमी पडली तर सांगायचा. फक्त आधी जो "ए, ऐक ना" म्हणून हाक मारायचा, तो आता "अहो बाई, जरा पाणी मिळेल का?" असं विचारायचा. अगदी सभ्यपणे, लॉजमध्ये उतरल्यासारखा. एकाच घरात राहून फोनताई दोन वर्षं त्याची वाट बघत होत्या.

त्या दिवशी ऑफिसात एक बाई आली. शिवणकाम करणारी, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. टेबलावर भावाचा फोटो ठेवून ती म्हणाली, "माझा भाऊ मेला असेल तर मेला म्हणून सांगा. पण 'माहीत नाही' म्हणू नका. ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत."

तो रांगत होता तेव्हाच आईवडील गेलेले. हिनेच त्याला वाढवलं. दोघं मिळून कपडे शिवायची. कटिंग त्याचं, मशीन हिची. सात-आठ महिन्यांपूर्वी तो मशीनचा पार्ट आणायला मोटरसायकलवर गेला. गाडी हमरस्त्याच्या कडेला खड्ड्यात सापडली. तो नाही.

"टेबलावर त्याने अर्धवट कापलेलं कापड आहे," बहीण म्हणाली. "मी हलवलं नाही. जेवायला मी खालीच बसते."

"दवाखान्यांत विचारलंत?"

"सगळ्यांत. एका ठिकाणी तर मला चक्करच आली. तिथल्या मावशींनी बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, 'इथे नाही गं बाळा.' तेवढंच कुणीतरी मायेनं बोललं."

ती गेल्यावर फोनताईंनी नोंदी चाळल्या. त्या दिवसांत कुठेही बेवारस रुग्ण नव्हता. मग त्यांनी ओळखीच्या अॅम्ब्युलन्स ड्रायव्हरला फोन लावला.

"आणला होता की," ड्रायव्हर म्हणाला. "हमरस्त्यावरनं मीच उचलला. डोकं फुटलेलं, खिशात काही नाही. ग्रामीण रुग्णालयात उतरवला."

फोनताईंनी लगेच रुग्णालयात फोन केला. मोठ्या सिस्टरांनी घेतला.

"असा पेशंट आमच्याकडे आलाच नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नक्की कुठला दिवस, हे फोनताईंनी अजून सांगितलंही नव्हतं.

२

रुग्णालय बैठं होतं. एक लांब वॉर्ड, पुढे डॉक्टरांची खोली, मागे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. फिनेलचा वास फाटकापर्यंत येत होता.

डॉक्टर तरुण होते. फोनताईंनी तारीख सांगताच त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला, मग पुन्हा गळ्यात घातला.

"त्या दिवशी मीच होतो ड्यूटीवर. बेवारस कुणी आलं नव्हतं. डोक्याची एकच केस. आमच्या वॉर्डातल्या मावशींचा मुलगा. छपरावरून पडला होता."

ती केस फोनताईंना चांगली आठवत होती. इतक्या वर्षांच्या फोनांत तसा फोन दुसरा झाला नव्हता. बाकी घरांतून कुरकुर ऐकू यायची, रडणं ऐकू यायचं. त्या घरातून मावशींचा आवाज उतू जायचा. "ताई, आज स्वतःच्या हाताने घास घेतला हो!" "ताई, आज दारापर्यंत एकटा गेला!" आणि एकदा, अगदी हळू, "ताई, आज मला आई म्हणाला." तो फोन ठेवल्यावर फोनताई बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसल्या होत्या.

वॉर्डात मोठ्या सिस्टर कापसाचे बोळे करत होत्या. निवृत्तीला टेकलेल्या, कोरड्या आवाजाच्या.

"ड्रायव्हरचं काय घेऊन बसलात?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "तो रोज कुणाला तरी कुठेतरी उतरवतो. एखादा दुसरीकडे उतरवला असेल आणि नाव आमचं घेतो."

"तुम्ही नक्की सांगू शकता?"

"मी होते ना इथे. मी आणि मावशी."

फोनताई बाहेर आल्या. ड्रायव्हर गाडीची काच पुसत उभा होता. त्यांनी त्याला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

"डॉक्टर?" तो हसला. "ताई, त्या संध्याकाळी डॉक्टर होते कुठे? त्यांची खोली कुलूपबंद! मी आणि मोठ्या सिस्टरांनी मिळून स्ट्रेचर आत ओढलं, माझी कंबर अजून बोंबलतेय."

३

फोनताईंनी डॉक्टरांच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"तुम्ही इथे नव्हता."

डॉक्टरांचा चेहरा पडला. मग ते भडाभडा बोलायला लागले. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जागा निघाली होती. मुलाखतीला न सांगता गेले होते. नोकरी मिळाली नाही ती नाहीच, वर सकाळी परतेपर्यंत जीव टांगणीला लागलेला. "इथे एकट्याने राहून बघा ताई. संध्याकाळ झाली की घरची इतकी आठवण येते की मी पेशंटच्या नातेवाइकांशी उगाच गप्पा मारत बसतो."

"सकाळी आलात तेव्हा वॉर्डात कोण होतं?"

"सांगितलं ना, एकच. मावशींचा मुलगा, बेशुद्ध. मावशी त्याच्या उशाशी बसलेल्या. वर्षानुवर्षं परागंदा असलेला मुलगा घरी येतो काय आणि त्याच दिवशी छप्पर शाकारायला चढून पडतो काय! मी लगेच शहरात स्कॅनला पाठवला."

"म्हणजे रस्त्यावरचा माणूस संध्याकाळी आला आणि सकाळपर्यंत गायब."

"आला असेल तर," डॉक्टर म्हणाले. आणि मग आवाज खाली आणून, "ताई, डोक्याचा पेशंट उठून चालत जात नाही. तो जर गेला असेल, आणि या दोघींनी माझ्या गैरहजेरीत परस्पर काही..."

फोनताईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मागच्या मोकळ्या जागेत वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या. त्यापलीकडे नुसतं माळरान होतं. तिथे एखादा माणूस पुरला तर कुणाला कळणार, असा विचार त्यांच्या मनात आला.

मोठ्या सिस्टर बोलणार नाहीत, हे दिसतच होतं. राहता राहिल्या मावशी. त्यांची आज सुट्टी होती.

४

मावशींचं घर जवळच होतं. दारातून जाताना फोनताईंना मान वाकवावी लागली.

"तुम्ही फोनवाल्या ताई? अगं बाई!" मावशींनी त्यांचे दोन्ही हात धरले. गोल, हसरा चेहरा. हात मात्र सोडा आणि साबणाने खरखरीत झालेले. "बसा. बघा, हा माझा लेक."

तो खाटेवर बसला होता. तिशीच्या आसपासचा. केसांत लांब व्रण. उजव्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी खरवडून निघाल्याच्या जुन्या खुणा. मांडीवर पांघरूण होतं आणि त्याच्या काठावरून तो अंगठ्याचं नख सावकाश, सरळ ओढत होता. शेवटाला आला की दोन बोटं रुंदी मोजायचा आणि पुन्हा नख ओढायचा.

"दिवसभर असंच चालतं," मावशी कौतुकाने म्हणाल्या. "आई, पाणी म्हणतो. ऊन म्हणतो. बाकीचं येईल हळूहळू. मला घाई नाही. इतकी वर्षं थांबले, तर आता काय!"

"तुमचा मुलगा घर सोडून गेला, तेव्हा केवढा होता?"

"चांगला पंचविशीचा. भांडला माझ्याशी. कशावरून ते सांगितलं तर हसाल. मी त्याच्या मित्राला घरातून हाकललं, एवढंच. 'येतो' न म्हणता गेला."

"काम काय करायचा?"

"ट्रकवर होता. सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी पळून जायचा." मावशी हसल्या.

दाराशी चपलांचा एक जोड होता. जुना, पण तेल लावून चकाकता ठेवलेला.

"याच्या?"

"त्याच्याच. जाताना नवीन घालून गेला. मी दर आठवड्याला पुसते."

फोनताईंनी पाण्याचा घोट घेतला आणि सरळ विचारलं, "मावशी, त्या दिवशी हमरस्त्यावरून एक जखमी माणूस आणला होता. त्याचं काय झालं?"

मावशींचं हसू हललं नाही, पण हात पांघरुणाकडे गेला आणि ते त्यांनी त्या तरुणाच्या पायांवर ओढलं.

"कुणी नव्हतं बाई. आला असता तर दिसला असता."

पण पांघरूण ओढायच्या आधी फोनताईंनी ते पाय पाहिले होते. दाराशी ठेवलेल्या चपलांत त्यांची बोटंसुद्धा मावली नसती.

५

दुसऱ्या दिवशी फोनताई मोठ्या सिस्टरांसमोर बसल्या. वॉर्डात दुपारची सामसूम होती.

"मी चुकीचा माणूस शोधत होते," त्या म्हणाल्या. "गायब झालेला. पण गायब कुणी झालंच नव्हतं. ड्रायव्हरने एक जखमी आणला. सकाळी डॉक्टरांनी एकच जखमी पाहिला. मला वाटलं, दोन माणसं आणि त्यांतला एक नाहीसा. माणूस एकच होता. फक्त सकाळ होईपर्यंत त्याला आई मिळाली होती."

सिस्टरांचे हात थांबले.

"छपरावरून पडला म्हणता. त्या घराच्या छपराला माझं डोकं लागतं. तिथून पडला तर पाय मुरगळेल, कवटी फुटणार नाही. हात डांबरावर घासल्यासारखा सोललाय. पंचविशीनंतर पाय वाढत नाहीत, आणि त्याचे वाढलेत. मावशींचा मुलगा ट्रकवर होता, सुईला घाबरायचा. आणि हा माणूस आई, पाणी, ऊन एवढंच बोलतो. पण कापडावर नखाने कटिंगची रेघ बिनचूक मारतो. डोकं विसरलंय. हात विसरले नाहीत." त्या थांबल्या. "नाव तुम्ही लावलंत. डॉक्टर नव्हते, ड्रायव्हर निघून गेला होता. तुमच्याशिवाय कुणाला जमलं नसतं."

सिस्टरांनी चष्मा काढला.

"बेवारस पेशंटचं काय होतं माहितीये तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "वर पाठवतात. तिथून आणखी वर. कुणी कूस बदलून देत नाही, पाठीला जखमा होतात. तुमच्या नोंदीत मग एकच ओळ येते. मी आयुष्यभर त्या ओळी लिहिल्या. त्या संध्याकाळी मावशीने त्याचं रक्त पुसलं, हात हातात घेतला आणि म्हणाली, 'सिस्टर, माझा आला.' मला माहीत होतं, हा तिचा नाही. तिच्या लेकाला मी लहानपणापासून ओळखते. पण दहा वर्षं मी तिला या खिडकीतून रस्त्याकडे बघताना पाहत होते. मी म्हटलं, याला कुणीतरी हवं, हिलाही कुणीतरी हवं. लिहिलं." मग चष्मा पुसत, "तो चालायला लागला ताई. बेवारस असता तर चालला नसता."

"त्याला बहीण आहे."

"तेव्हा कुठे माहीत होतं?"

"तुम्हाला नसेल. त्यांना होतं."

मावशी दारात उभ्या होत्या. हातात धुतलेल्या चादरींचा गठ्ठा होता.

"तिला चक्कर आली ती इथेच, मी तिला विचारून घेतलं. तुम्ही तिला पाणी दिलंत," फोनताई म्हणाल्या. "फोटो बघितलात. पाठीवरून हात फिरवलात."

मावशींनी गठ्ठा खाली ठेवला नाही. उलट छातीशी घट्ट धरला.

"पहिल्या अंघोळीलाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आईला पाठ ओळखता येते. तरी म्हटलं, राहू दे. कुणी आलं तर देऊ. मग ती आली. फोटो दाखवला. आदल्याच दिवशी तो मला पहिल्यांदा आई म्हणाला होता. माझ्या तोंडून 'नाही'च निघालं बाई. रोज वाटायचं, आता सांगावं. रोज तो काहीतरी नवीन शिकायचा."

फोनताईंना रागवायचं होतं. त्यासाठीच त्या आल्या होत्या.

"माझ्या नवऱ्याने मला ओळखणं सोडलंय," त्यांच्या तोंडून वेगळंच निघालं. "माझाच माणूस आहे, आणि मला 'अहो बाई' म्हणतो. तुम्ही फोनवर सांगायचात ना, आई म्हणाला म्हणून... मी तुमचा किती हेवा केला असेल!" त्यांनी डोळे पुसले. "पण ती बहीण जमिनीवर बसून जेवतेय मावशी. टेबलावरचं कापड हलवत नाही."

मावशींनी गठ्ठा खाली ठेवला.

"बोलवा तिला," त्या म्हणाल्या.

६

बहीण आली ती धावतच. मावशींच्या घराच्या दारात मावशींना पाहून थबकली.

"तुम्ही मला पाणी दिलंत," ती म्हणाली.

"हो."

"तो तेव्हा इथे, तुमच्या घरातच होता?"

"आतल्या खाटेवर. झोपला होता."

बहिणीचा हात वर गेला. सगळ्यांना वाटलं, ती मारणार. मावशीही मान वाकवून उभ्या राहिल्या, मारलं असतं तर बरं झालं असतं अशा. पण तो हात तसाच बहिणीच्या स्वतःच्या तोंडावर गेला आणि ती त्यांना ओलांडून आत शिरली.

"छोट्या!"

त्याने वर पाहिलं. ओळखीचं काही डोळ्यांत आलं नाही. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, त्याचे पाय कुशीत घेतले, लहानपणचं काय काय बोलत राहिली. तो ऐकत होता, शेजारच्या घरातलं बोलणं ऐकावं तसा. मग गोंधळून त्याने दाराकडे बघितलं.

"आई?"

बहिणीने त्याचे पाय सोडले. कुणाला आई म्हणायचं भाग्य त्याच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

मावशी आत आल्या. त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. "ही ताई आहे," त्या म्हणाल्या. "तुझी ताई. म्हण बघू."

तो विचार करत राहिला. "ता," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "ई."

बहीण हसली आणि रडली. निघताना तिने मावशींकडे न बघताच विचारलं, "तुम्ही याल का? थोडे दिवस. त्याला काय हवं नको ते मला अजून कळत नाही. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पण या."

मावशींचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला.

"नको बाळा. मी गेले आणि तो आला तर? घराला कुलूप दिसलं तर परत जाईल. मुळात रुसून गेलाय."

गाडी निघाली. आतून "आई" अशी हाक आली. मावशी घरातच बसून राहिल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून, धूळ खाली बसेपर्यंत.

फोनताईंनी नोंद दुरुस्त केली. मोठ्या सिस्टरांनी आपण होऊन वरिष्ठांना लिहून दिलं. चौकशी व्हायची ती होईल, म्हणाल्या. डॉक्टरांनीही आपल्या गैरहजेरीचं लिहून दिलं, सिस्टरांपाठोपाठ, काहीसे शरमून.

गावातून निघण्याआधी फोनताई पुन्हा मावशींकडे गेल्या. त्यांच्या शेजारी बसल्या.

"तुमच्याकडे हरवलेल्यांचं पण लिहून घेतात का?" मावशींनी विचारलं.

"दवाखान्यांत कळवता येतं. कुणी सापडलं तर ताडून बघतात. तुम्ही कधी कळवलं नव्हतंत?"

"नाही. लिहिलं की हरवलाच म्हणायचा ना? मी सगळ्यांना सांगायचे, कामाला गेलाय." त्या ताठ बसल्या. "आता घ्या लिहून."

फोनताईंनी पेन काढलं. "नाव?"

"तेच. इतके दिवस दुसऱ्याला लावलं होतं. त्याचं त्याला परत द्या."

"उंची?"

"मिठी मारली की त्याची हनुवटी माझ्या कपाळाला टोचायची. एवढा."

"आता कसा दिसत असेल?"

फोनताईंनी ती जागा कोरी सोडली.

"ओळखीची काही खूण?"

मावशी रस्त्याकडे बघत राहिल्या. रस्ता मोकळा होता.

"पहिल्या हाकेला ओ देत नाही," त्या म्हणाल्या. "ऐकू येतं त्याला सगळं, पण देत नाही. मुद्दाम. दुसरी मारावी लागते. एवढं नक्की लिहा ताई. नाहीतर कुठेतरी पडलेला असेल, कुणीतरी एकदाच हाक मारेल आणि हा तो नव्हे म्हणून पुढे निघून जाईल."

फोनताईंनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.